अमेरिकेचा व्हिसा: खेळाडू आणि गुंतवणूकदारांचे अर्ज नेमके कुठे अडतात

खेळाडूसाठी मुख्यतः तीन वाटा आहेत: पी-१ए (आंतरराष्ट्रीय ओळख असलेल्या खेळाडूंचा तात्पुरता व्हिसा), ओ-१ए (असाधारण कौशल्य असलेल्यांचा तात्पुरता व्हिसा) आणि थेट ग्रीन कार्डाचा ईबी-१ए. गुंतवणूकदारासाठी भारतीय पासपोर्टवर एकच, गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणारा ईबी-५. ई-२ या गुंतवणूकदारांच्या तात्पुरत्या व्हिसाची जाहिरात कुणी करत असेल तर लांब राहा. तो व्हिसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि भारताशी तसा करार नाही. ग्रेनाडाचं नागरिकत्व विकत घेऊन ई-२ मिळवायची पळवाटही आता सोपी नाही. डिसेंबर २०२२ पासून तिथे सलग तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं.

आधी खेळाडूंचं बघू. पी-१ए आणि ओ-१ए स्वतः भरताच येत नाहीत. आय-१२९ हा अर्ज अमेरिकेतला क्लब, आयोजक किंवा एजंट भरतो, सोबत करार आणि स्पर्धांचं वेळापत्रक जोडतो. पी-१एला सातपैकी दोन निकष लागतात, ओ-१एला आठपैकी तीन. पी-१ए खेळाडूला एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळतो, ओ-१ए तीन. ईबी-१ए मात्र स्वतः भरता येतो, पण तिथे भारतीयांसाठी रांग आहे. फक्त बक्षिसाच्या रकमेसाठी एखादी स्पर्धा खेळायची असेल तर बी-१ हा अल्पकाळाच्या भेटीचा व्हिसा पुरतो.

अडतं ते कागदावर. आमच्या पोरांच्या फायली राज्यस्तरीय ढाली आणि सहभाग प्रमाणपत्रांनी फुगलेल्या असतात. पी-१एला आंतरराष्ट्रीय ओळख लागते: भारतीय संघातून खेळल्याचा पुरावा, जागतिक क्रमवारी, महासंघाच्या पदाधिकाऱ्याचं सविस्तर पत्र. "हा गुणी खेळाडू आहे" एवढ्या दोन ओळींच्या पत्राला किंमत नाही. कोणती स्पर्धा, कोणत्या पातळीची, त्यात याने काय केलं, हे त्यात हवं. मराठी वर्तमानपत्रांतली कात्रणं चालतात, पण पूर्ण इंग्रजी अनुवादासह, आणि अनुवाद अचूक असल्याचं व आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं अनुवादकाने सही करून लिहिलेलं असावं. शिवाय अमेरिकेतल्या त्या खेळाच्या कामगार संघटनेचं लेखी मत लागतं. तशी संघटनाच नसेल तर तसं स्पष्ट लिहा. गप्प राहिलात की जादा पुरावे मागणारी नोटीस येते आणि हंगाम हातचा जातो.

ईबी-५मध्ये रक्कम १०.५ लाख डॉलर. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८ लाख. दोन्हीकडे दहा पूर्णवेळ नोकऱ्या तयार कराव्या लागतात. यापेक्षा कठीण आहे पैसा कुठून आला हे दाखवणं. जमीन विकली असेल तर सातबारा, फेरफार, नोंदणीकृत खरेदीखत आणि बँकेत आलेली रक्कम एकमेकांशी जुळली पाहिजे. रोखीत घेतलेला "वरचा" भाग विसरा, तो दाखवता येत नाही. मागच्या सात वर्षांची कर विवरणपत्रं मागतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून ती भरलीच नसतील, तर सीएकडून तसं लेखी स्पष्टीकरण घ्या. वडिलांनी पैसे बक्षीस दिले तर त्यांच्याही पैशाचा माग द्यावा लागतो.

पैसा बाहेर पाठवायला रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. हे आर्थिक वर्ष आहे, म्हणून नवराबायकोने ३१ मार्चआधी आणि १ एप्रिलनंतर पाठवले तर दहा लाखांपर्यंत जाता येतं, म्हणजे आठ लाख जमतात. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वसूल करते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकलेला असतो, त्याची सोय आधी करा.

सगळ्यात घातक घोळ तारखेचा. ईबी-५मधली रीजनल सेंटरची (अनेकांचे पैसे एकत्र करून प्रकल्पांत गुंतवणाऱ्या केंद्रांची) योजना ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे असं वाचून लोक निवांत बसतात. योजना पुढे बंद पडली तरी अर्ज सुरक्षित राहण्याची हमी फक्त ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्यांना आहे. आणि १ जानेवारी २०२७ पासून रक्कम महागाईनुसार बदलणार आहे.

मंजुरीनंतर मिळणारं ग्रीन कार्ड सशर्त, दोन वर्षांचं असतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत अट काढून घेण्यासाठीचा आय-८२९ हा अर्ज भरायचा असतो. ती तारीख कुणी आठवण करून देईल या भरवशावर राहू नका, कार्ड हातात आलं त्याच दिवशी लिहून ठेवा.