एका आठवड्यातली बाळं

१९४६ साली ब्रिटनमध्ये जन्मदराची चिंता होती. बाळंतपणाचा खर्च घरांना झेपतो का, प्रसूतीसेवा कोणाला मिळते, हेही नीट माहीत नव्हतं. जेम्स डग्लस या डॉक्टरांनी मार्चमधला एक आठवडा निवडला आणि त्या आठवड्यात बाळंत झालेल्या १३,६८७ स्त्रियांची माहिती गोळा झाली. पाहणी तिथेच संपायची होती. पण गरीब घरांतली बाळं जगण्याच्या शर्यतीत पहिल्या दिवसापासून मागे आहेत हे दिसलं, आणि त्यांचं पुढे काय होतं हा प्रश्न डग्लस यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी ५,३६२ मुलांचा माग धरला. आजच्या दीर्घकालीन अभ्यासांचं मूळ असं जवळजवळ अपघाती आहे.

ही मुलं शाळेत गेल्यावर वेगळंच काही हाती लागलं. कामगारांची हुशार मुलं पुढे कोणत्या प्रकारची शाळा मिळणार हे ठरवणाऱ्या अकराव्या वर्षीच्या निवडपरीक्षेत आणि त्यानंतरही गळत होती. १९६४मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि सर्वांसाठी एकाच प्रकारची शाळा असावी म्हणणाऱ्यांच्या हाती आकडे आले. १९५८च्या मार्चमध्येही असाच एक आठवडा निवडला गेला. त्यातल्या सुमारे १७,००० जन्मांच्या नोंदींवरून गरोदरपणातल्या धूम्रपानाचा बाळाच्या वजनाशी आणि मृत्यूशी असलेला संबंध पुढे आला. १९७०मध्ये तिसरा गट झाला. त्यानंतरचा राष्ट्रीय गट मात्र थेट नव्या सहस्रकाच्या तोंडावर. मधली पिढी या नोंदींतून निसटलीच.

अमेरिकेतला पेरी बालवाडीचा प्रयोग लहानसा होता: १९६२पासून मिशिगनमधली गरीब घरांतली अवघी १२३ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले आणि एकाच गटाला बालवाडी दिली. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यांक वाढला, पण काही वर्षांत ती आघाडी ओसरली. अभ्यास तिथे थांबला असता तर ‘पैसा वाया गेला’ असाच शेरा बसला असता. तो थांबला नाही. चाळिशीत पाहिलं तेव्हा बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त आणि अटका कमी होत्या. १२३ मुलांवरून देशाचं धोरण ठरवू नये, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही बालशिक्षणावरच्या खर्चाच्या वादात हा दाखला सतत दिला जातो, कारण चाळीस वर्षं वाट पाहणारे प्रयोग आहेतच किती?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात १,०३७ मुलं आहेत, १९७२–७३मध्ये जन्मलेली. जगात कुठेही राहायला गेली तरी त्यांना तपासणीसाठी विमानाने परत आणतात. खर्चिक हौस वाटेल, पण गळती ही या कामातली खरी कीड आहे. आधी सुटतात ती बहुधा सतत घर बदलणारी, अडचणीतली कुटुंबं. म्हणजे ज्यांच्यासाठी धोरण आखायचं, तीच आकड्यांतून गायब होतात.

पैसा ओतला म्हणून अभ्यास उभा राहतोच असं नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने २००० साली कायदा करून राष्ट्रीय बाल अभ्यासाला मंजुरी दिली. १,००,००० मुलांना जन्माआधीपासून २१ वर्षांपर्यंत पाहायचं ठरलं होतं. आराखड्यावरून वाद होत राहिले, खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि डिसेंबर २०१४मध्ये, मुख्य अभ्यास सुरू होण्याआधीच, तो गुंडाळला गेला.