व्होल्टेज आलं नाही म्हणजे एव्हीआर गेला?

जहाजावर जनरेटर चालू केला, इंजिन नीट फिरतंय, पण पॅनेलवर ४४० ऐवजी जेमतेम १०-१५ व्होल्ट. लगेच निदान: ‘एव्हीआर (जनरेटरचं व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रेग्युलेटर) गेला, बदला.’ ही समजूत जुनी आहे आणि बऱ्याचदा चुकीची. नवा एव्हीआर लावूनही काटा हलत नाही, तेव्हा ते कळतं.

आधी फ्रिक्वेन्सी बघा. ती ६० हर्ट्झच्या बरीच खाली असेल तर एव्हीआर मुद्दामच व्होल्टेज पाडतो. तिथे दोष इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरकडे.

वेग बरोबर असेल तर इंजिन थांबवून, ब्रेकर उघडा (लोडपासून तोडलेला) ठेवून, एव्हीआरकडून एक्सायटरच्या (मुख्य रोटरला चुंबकत्वासाठी वीज पुरवणारा छोटा जनरेटर) फील्ड वाइंडिंगला जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवा. त्या फील्डला १२ व्होल्टची बॅटरी जोडा (ध्रुव उलटे नकोत) आणि मशीन पूर्ण वेगावर आणा. तिन्ही फेजवर सारखं आणि ४४०च्या आसपास व्होल्टेज आलं तर मशीन ठणठणीत. एव्हीआर, त्याचा फ्यूज किंवा सेन्सिंगच्या (त्याला व्होल्टेज कळवणाऱ्या) तारा तपासा. सारखं पण बरंच कमी आलं तर संशय शाफ्टवरच्या फिरत्या डायोडवर (एक्सायटरची एसी डीसी करणारे) किंवा एक्सायटरवर. फेजमध्ये फरक असेल तर मुख्य स्टेटरवर (जनरेटरचं स्थिर वाइंडिंग).

डायोड सहा असतात. प्रत्येकाची पिगटेल (जोडतार) सोडवूनच मल्टिमीटर लावा, नाहीतर वाइंडिंगमधून रीडिंग येतं आणि फुटका डायोडही चांगला वाटतो. एका दिशेने साधारण ०.५ व्होल्ट, उलट दिशेने काहीच नाही, हे बरोबर.

आणि मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावणार असाल तर एव्हीआर आधी सुटा करा. चांगले एव्हीआर असेच जळतात.