रेव्हरंड पॅरिस (‘द क्रुसिबल’ नाटकातील पात्र)

पॅरिस, रेव्हरंड सॅम्युएल : आर्थर मिलर यांच्या ‘द क्रुसिबल’ या चार अंकी नाटकातील सेलमचा धर्मोपदेशक. नाटकाचा पहिला प्रयोग २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या मार्टिन बेक थिएटरात झाला. कथानक मॅसॅच्युसेट्समधील १६९२ च्या चेटूक-खटल्यांचे आहे. पडदा उघडतो तो पॅरिसच्याच घरातील माडीवरच्या खोलीत. वयाने पंचेचाळिशीच्या आसपासचा हा विधुर निपचित पडलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या, बेट्टीच्या, बिछान्याशी गुडघे टेकून रडत प्रार्थना करतो आहे. आदल्या रात्री जंगलात मुली नाचताना त्याने स्वतः पाहिल्या. त्यांत त्याची मुलगी होती, सतरा वर्षांची भाची ॲबिगेल विल्यम्स होती आणि बार्बाडोसहून आणलेली त्याची गुलाम टिट्युबाही होती. गवतावर पडलेला एक झगा आणि झाडांतून उघडीच पळालेली कोणीतरी, एवढेही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

पॅरिस सैतानाला भितो, पण गावाला त्याहून जास्त भितो. ॲबिगेलला खरे सांग म्हणून दटावताना तो आधी स्वतःचे धर्मपद पणाला लागल्याचे बोलतो. बेट्टीचा जीव त्यानंतर येतो, तोही ‘कदाचित’ म्हणून. संपूर्ण भूमिका या एका वाक्याच्या क्रमात बसते. त्याच दमात तो जॉन प्रॉक्टर या शेतकऱ्याकडे पूर्वी चाकरीला असलेल्या भाचीच्या लौकिकाची चौकशी करतो : प्रॉक्टरच्या घरून तुला का काढले, गावात तुझे नाव स्वच्छ आहे ना? मुलीचे दुखणे त्याला कळत नाही. ते बाहेर फुटले तर काय होईल हे मात्र पक्के कळते.

या भीतीला व्यवहाराची बाजू आहे. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन (कडक आचाराच्या प्रॉटेस्टंट) चर्च-मंडळ्यांत उपदेशक वरून नेमला जात नसे. मंडळी त्याला बोलावी, वेतन ठरवी आणि पटेनासा झाला की घालवी. (मराठी ख्रिस्ती समाजाला ही रीत अपरिचित नाही : १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि पुढे अहमदनगरला स्थिरावलेले अमेरिकन मिशनरी याच काँग्रिगेशनल परंपरेतले.) सेलममध्ये सात वर्षांत आपण तिसरे, लहर फिरली की मांजरासारखे हाकलून द्यायला आपण इथे आलेलो नाही, असे पॅरिस बजावतो. म्हणून त्याला राहत्या घराचे मालकीपत्र स्वतःच्या नावावर हवे आहे. अशी मागणी आजवर एकाही उपदेशकाने केली नव्हती, हे जॉन प्रॉक्टर तिथल्या तिथे ऐकवतो.

सरपणाचा वाद तर प्रेक्षकाच्या डोक्यात घर करतो. पॅरिसचा हिशेब वर्षाला ६६ पौंडांचा. प्रॉक्टर म्हणतो ६०. मधले सहा पौंड जळणासाठी दिलेले आहेत, असे म्हातारा जाइल्स कोरी सांगतो. पॅरिसच्या मते ते वेतनच, त्यामुळे लाकडे गावाने वेगळी पुरवावीत. बोलता बोलता तो हार्वर्डचे शिक्षणही काढतो, म्हणजे आपण कोणी पोथी काखेला मारून फिरणारा शेतकरी नाही हे समोरच्या शेतकऱ्यांना कळावे. हे सगळे आजारी मुलीच्या उशाशी चालले आहे.

चेटकाचा बोभाटा आधी त्यालाच नको असतो. डॉक्टर ग्रिग्जना औषध सापडत नाही, कारण निसर्गाबाहेरचे असेल, असा निरोप आला की तो तसे काही नसल्याचे सांगतो आणि बाहेर बोलू नका म्हणतो. तोवर बेव्हर्लीच्या रेव्हरंड हेल या चेटकाच्या जाणकाराला मात्र बोलावणे गेलेले असते. ‘माझ्याच घरात चेटूक’ म्हटले तर गाव आपल्याला हुसकून लावील, ही त्याची धास्ती. मार्ग टॉमस पटनम हा गावातला धनिक जमीनदार काढून देतो : आरोप होण्याची वाट पाहू नका, तुम्हीच सैतानावर तुटून पडा, गाव दुवा देईल. पटनमचे स्वतःचे जुने हिशेब आहेत. त्याच्या साडूला या गावाने उपदेशक होऊ दिले नव्हते. अंकाच्या शेवटी टिट्युबाला कबूल हो, नाहीतर मरेपर्यंत फटके मारीन असे धमकावणारा पॅरिस दिसतो. सैतान आपल्याला पॅरिसचाच गळा कापायला सांगत होता, असे टिट्युबा सांगू लागते, तेव्हा घरातले लांछन नाहीसे होऊन तो स्वतःच सैतानाचे लक्ष्य ठरतो. याहून सोयीची सुटका त्याला सुचली नसती.

दुसऱ्या अंकात तो रंगमंचावर येत नाही, पण त्याचा उल्लेख बोचतो. फ्रान्सिस नर्सने वेदीसाठी कथलाची शमादाने घडवली होती. पॅरिस आल्यावर सोन्याची शमादाने मिळेपर्यंत त्याने वीस आठवडे दुसऱ्या कशावर प्रवचन केले नाही, असे प्रॉक्टर सांगतो.

तिसऱ्या अंकात तो न्यायालयातला फुकटचा वकील होतो. प्रत्येक पुराव्यावर त्याचे म्हणणे एकच, हा न्यायालयावर हल्ला आहे. फ्रान्सिसची बायको रिबेका नर्स हिच्यासह तिघी आरोपी स्त्रियांच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या ९१ जणांच्या सह्या पुढे येताच, त्या सगळ्यांना चौकशीला बोलवा, असे तो सुचवतो. सही करणाऱ्यांना धक्का लागणार नाही असा शब्द फ्रान्सिस नर्सने दिलेला असतो. नाचणाऱ्या मुलींचा विषय निघाला की तो शब्द तोलून बोलतो : मला कोणी नग्न ‘आढळली’ नाही. म्हणजे नाचताना आढळल्या ना, हा न्यायाधीश डॅनफर्थचा पुढचा प्रश्न त्याला चुकवता येत नाही.

चौथ्या अंकात तुरुंगात आलेला पॅरिस खंगलेला आहे. ॲबिगेल त्याची तिजोरी फोडून पळाली. ३१ पौंड गेले, म्हणजे त्याच्याच हिशेबाने वर्षाच्या वेतनाचा जवळजवळ अर्धा भाग. चेटकाच्या आरोपात फाशी ठरलेल्या प्रॉक्टरला मंडळीतून बहिष्कृत केले तेव्हा ऐकायला जेमतेम तीस माणसे आली. रात्री दार उघडताना एक खंजीर खणकन खाली पडला. आता त्याला प्रॉक्टर आणि रिबेका यांची फाशी लांबणीवर हवी आहे. आधी लटकवलेल्यांना गावात वजन नव्हते. रिबेका नर्स आणि प्रॉक्टर यांना आहे. प्रॉक्टरने कबुली द्यावी म्हणून तो धडपडतो, कारण एवढ्या मोठ्या नावाची सही मिळाली तर आधीच्या फाशांवरही पांघरूण पडेल.

भूमिका करताना : नट पहिल्या प्रवेशापासूनच ढोंगी, किंचाळणारा पॅरिस उभा करतात आणि चौथ्या अंकात कोसळायला उंचीच उरत नाही. सुरुवातीचे रडणे खरेच असले पाहिजे. सरपणाच्या वादात हशा येतो; तो दाबू नये, पण मागच्या बिछान्यावरची मुलगी प्रेक्षकाला सतत दिसत राहावी. न्यायालयातले त्याचे अडथळे दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी पडायला हवेत. क्षणभर उशीर झाला की डॅनफर्थची चिडचिड निराधार वाटते.

इतिहास आणि नाटक : खरा सॅम्युएल पॅरिस (१६५३–१७२०) लंडनमध्ये जन्मला. बार्बाडोसला घराण्याची मळ्याची मिळकत होती. हार्वर्डला तो शिकला, पण पदवी न घेताच निघाला. नाटकातला पॅरिस मात्र स्वतःला तिथला पदवीधर म्हणवतो. १६९२ मध्ये तो विधुर नव्हता, पत्नी एलिझाबेथ १६९६ मध्ये वारली. बेट्टी नऊ आणि ॲबिगेल अकरा वर्षांची होती. सेलम व्हिलेजमध्ये १६८९ पासून असलेला तो तिथला चौथा उपदेशक. आधीच्या तिघांपैकी जॉर्ज बरोज १९ ऑगस्ट १६९२ रोजी चेटकाच्याच आरोपावरून फासावर गेला. वेतनाचे ६६ पौंड, सरपण आणि घराची मालकी हे वाद मिलर यांच्या पदरचे नव्हेत. १६९१ च्या शरदात गावसमितीने त्याच्या वेतनासाठी कर गोळा करायचेच नाकारले होते. खटल्यांतल्या काही जबान्या पॅरिसने स्वतःच्या हाताने टिपल्या आहेत.

तो पुढे कुठल्याशा रस्त्याने निघून गेला आणि पुन्हा ऐकू आला नाही, असे मिलर नाटकाच्या पुरवणीत लिहितात. कागदपत्रे वेगळे सांगतात. नोव्हेंबर १६९४ मध्ये त्याने मंडळीपुढे चुकांची कबुली वाचली. तेवढ्याने गाव शमले नाही आणि अखेर त्याला पद सोडावे लागले. नंतर स्टो, कॉन्कर्ड, डन्स्टेबल अशी गावे करत तो सडबरीला मेला. सेलम व्हिलेजचे आज डॅनव्हर्स झाले आहे. तिथे १९७० मध्ये उत्खनन होऊन त्याच्या घराचा दगडी पाया उघडा करण्यात आला.