चाळीतला रेडिओ

एका बिऱ्हाडाचा रेडिओ सगळ्या मजल्याने मिळून ऐकण्याची, दुसऱ्या महायुद्धानंतर साधारण दोन दशके मुंबईत रूढ असलेली रीत. गिरगाव, परळ, लालबाग, दादर भागांतल्या चाळींत ती विशेष दिसे. संच महाग, शिवाय त्याचा परवाना दरवर्षी पैसे भरून नव्याने काढावा लागे. म्हणून मजल्यावर एखाद-दोन घरीच रेडिओ. तोही भिंतीवरच्या फळीवर, पोरांचा हात पोहोचणार नाही इतका उंच. बटण फिरवले की व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचे, मग खरखरीतून आवाज वर येई. ऐकणारे उंबऱ्यावर किंवा गॅलरीच्या कठड्याला टेकून. स्टेशन कोणते लावायचे ते मात्र रेडिओवाल्याच्या मर्जीवर, आणि कुरबुरी बहुधा तिथूनच सुरू होत.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. धृपद शिकलेला, शास्त्रीय संगीतावर मनापासून जीव असलेला हा माणूस. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांचा कान बिघडतो असे त्यांचे मत होते. त्यांनी या गाण्यांचा वाटा कापला, निर्मात्यांशी बिनसले, आणि काही काळ आकाशवाणीवर चित्रपटगीत ऐकू येणे जवळपास थांबले. हेतू क्षुद्र नव्हता. पण काटा फिरवायला मंत्र्याची परवानगी लागत नव्हती.

काटा गेला रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या केंद्रावर. कोलंबोचे हे शक्तिशाली लघुलहरी केंद्र मूळचे महायुद्धातले, आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्यासाठी उभारलेले. १९४९ मध्ये ते सिलोन सरकारकडे आले. तिथून १९५२ च्या डिसेंबरात हिंदी चित्रपटगीतांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. गंमत अशी की आवाज कोलंबोहून येई, पण निवेदक अमीन सयानी होते मुंबईचेच. कार्यक्रम कुलाब्यात ध्वनिमुद्रित होऊन फिती विमानाने जात. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आल्याचे सयानी सांगत. पुढे गाण्यांची चढती-उतरती ‘पायदान’, म्हणजे लोकप्रियतेची क्रमवारी, लागू लागली आणि बुधवारी रात्री आठला गॅलरीत जागा मिळेना. कोणते गाणे वर जाणार यावर पैजा लागत. गिरणीत दुसऱ्या पाळीला गेलेल्याचा बुधवार बुडे. दुसऱ्या दिवशी नळावर त्याला यादी विचारून घ्यावी लागे. रेडिओ असलेल्या इराण्याकडे एका चहावर तास काढणारेही होतेच.

याच गॅलरीत १९५५–५६ मध्ये, पुणे केंद्राने सुरू केलेल्या ‘गीतरामायणा’च्या ५६ गीतांसाठी रेडिओपुढे उदबत्ती लागे. मुंबई केंद्राची ‘कामगार सभा’, बायकांसाठीचे ‘वनिता मंडळ’, पुढे ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेतले टेकाडे भावोजी हेही याच श्रोत्यांचे. उच्च अभिरुचीचा श्रोता वेगळा आणि उथळ श्रोता वेगळा, ही दिल्लीची वाटणी चाळीत कधी लागूच पडली नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली. सिलोनकडे गेलेले कान परत आणण्याचाच हा प्रयत्न होता. पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ फळीवरून उतरून काखेत गेला, क्रिकेटची कॉमेंट्री लोकलच्या डब्यात ऐकू येऊ लागली आणि गॅलरीतली बैठक विरळ झाली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आले तेव्हा चाळीने पुन्हा एकाच बिऱ्हाडात गर्दी केली. रेडिओवरचे क्रोशाचे झाकण काही घरांत तसेच टीव्हीवर चढले.