ड्रम जवळ घ्यायचा की लांब सरकवायचा?

"आमचा मुलगा म्युझिक थेरपीला जातो," असं सांगणाऱ्या पालकांना तिथे नेमकं काय करतात हे विचारलं, तर बरेचदा उत्तर येतं, "कीबोर्ड शिकवतात. दोन गाणी बसलीत त्याची." ही झाली शिकवणी. चांगलीच गोष्ट आहे, पण ती थेरपी नव्हे. उलटंही घडतं. सहा महिने संगीतोपचार घेऊनही एक गाणं धड येत नाही म्हणून पालक खट्टू होतात. खोलीत वाद्यं तीच, गाणी तीच, समोर बसलेलं मूलही तेच, गल्लत होणारच.

फरक बघायचा तर ड्रमकडे बघा. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे, उजवा हात आखडलेला एक मुलगा आहे असं धरू. संगीतशिक्षक ड्रम त्याच्या हाताशी आणतील, काठी मुठीत बसावी म्हणून तिला फोम गुंडाळतील, अवघड तुकडा जरा सोपा करून देतील. काहीही करून त्याला वाजवता आलं पाहिजे. संगीतोपचारक तोच ड्रम चार बोटं लांब सरकवेल. कोपर उघडल्याशिवाय काठी पोचू नये, इतकाच लांब. मग ओळखीचं गाणं सुरू करून नेमकं अशा जागी थांबेल, की पुढचा ठोका मुलानेच द्यायचा. ठोका पडला की गाणं पुढे. मुलगा आपला गाण्यात रंगलेला असतो. उपचारकाच्या वहीत ताल चुकला की बरोबर आला याची नोंद नसते; हात किती सरळ झाला, किती वेळा, कुणी कोपराला आधार दिला होता का, हे लिहिलेलं असतं.

वाचाघाताच्या रुग्णांबाबत हा फरक आणखी ठळक होतो. पक्षाघाताने मेंदूचा डावा भाग दुखावला की काहींना समजतं सगळं, पण शब्द तोंडातून फुटत नाही. त्यातल्या काहींना जुनी गाणी मात्र शब्दांसकट गाता येतात. याच निरीक्षणावरून १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या तज्ज्ञांनी 'मेलॉडिक इंटोनेशन थेरपी' मांडली. 'पाणी हवं' हे वाक्य दोनच सुरांवर, एक वरचा आणि एक खालचा, सावकाश म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने टेबलावर टिचकी द्यायची. आधी दोघांनी मिळून, मग रुग्णाने एकट्याने. जमू लागलं की सूर हळूहळू काढून घेतात, शेवटी साधं बोलणं उरावं म्हणून. गाणं शिकवणारा कुणी असा सूर काढून घेईल का? पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा ठरावीक लयीचा ठेका ऐकवून चालायला लावतात. तिथेही मोजायची ती पावलंच.

शिकवणीच्या बाजूला मोजमाप संगीताचंच. पॉल विटगेनस्टाइन या पियानोवादकाने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला. मॉरिस राव्हेल या संगीतकाराने त्याच्यासाठी फक्त डाव्या हाताची कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, लिहिली आणि १९३२ मध्ये त्याने ती व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवली. रचनेत परस्पर बदल केले म्हणून राव्हेल त्याच्यावर भडकलाही होता. दोन कलाकारांचं हे रीतसर भांडण, त्यात कुणी रुग्ण नव्हता. एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली. ती अनवाणी उभी राहून कंपनं अंगावर घेत तालवाद्यं वाजवते. तिची श्रवणशक्ती सुधारावी म्हणून कुणी तिच्या हातात काठ्या दिल्या नव्हत्या.

इथे माझी एक तक्रार आहे. इतर मुलं चित्र काढतात, अपंग मुलाची 'आर्ट थेरपी' चालते. इतर मुलं गातात, याची 'म्युझिक थेरपी'. त्याने नुसतं हौस म्हणून, बेसूर का होईना, गायचंच नाही का?

याच्या उलट, नुसत्या क्लासवर थेरपीची पाटी लावणं जास्त घातक, कारण पालक त्या भरवशावर फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी लांबणीवर टाकतात. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय 'म्युझिक थेरपिस्ट' म्हणवून घेणं बेकायदा आहे, पण अशी अट सगळीकडे नाही. शिवाय खऱ्या संगीतोपचाराचाही गुण ठरलेला नसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९ देशांतली ३६४ स्वमग्न मुलं होती. पाच महिन्यांनंतर, नेहमीच्या उपचारांसोबत संगीतोपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या सामाजिक लक्षणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात बरेच अभ्यास एकत्र पाहिल्यावर एकंदर सुधारणेचा कौल जरा बरा दिसला. हमखास फरक पडेल असं पहिल्याच भेटीत कुणी सांगितलं, तर तिथून निघालेलं बरं.

नाव घालण्याआधी एवढंच विचारा: सुरुवातीला कशाची तपासणी करणार, तीन महिन्यांनी काय बदलायला हवं, आणि हे थांबवायचं कधी? शिक्षक बहुधा तिसऱ्या प्रश्नाला हसतील. गाणं शिकणं थांबवायचं कशाला? उपचारकाकडे मात्र त्याचं उत्तर तयार हवं. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायलाही हरकत नाही. फक्त शिक्षकांना आधी सांगून ठेवा, ड्रम लांब सरकवायचं काम दुसरीकडे चालू आहे, तुम्ही तो खुशाल जवळ घ्या.