हायब्रिडचा नंबर नको, अंतर बघा

‘चार नंबरचे आयर्न जमत नाही, त्याच्या जागी चार नंबरचे हायब्रिड द्या’ ही गोल्फ खेळणाऱ्यांची नेहमीची मागणी. (आयर्न म्हणजे धातूच्या पातळ डोक्याचा क्लब, अर्थात चेंडू मारायची काठी; वुड म्हणजे मोठ्या डोक्याचा लांब क्लब; हायब्रिड या दोघांच्या मधले.) त्यात एक गोम आहे. क्लबच्या तळावर कोरलेला आकडा कुठल्याच प्रमाणाला बांधलेला नसतो. एका कंपनीच्या ४ हायब्रिडचा लॉफ्ट, म्हणजे फेस (चेंडूला लागणारी बाजू) मागे कलल्याचा कोन, २१ अंशांचा, तर दुसरीच्याचा २३ अंशांचा. आयर्नमध्ये गोंधळ आणखी मोठा: जुन्या घडणीचे ७ आयर्न ३४-३५ अंशांचे असे, अंतरासाठी बनवलेल्या आजच्या संचांत तेच २८-२९ अंशांवर येऊन बसले आहे. तेव्हा आकडा बाजूला ठेवून दोनच गोष्टी बघायच्या: लॉफ्ट किती, आणि तुमच्या हातून त्या क्लबने चेंडू हवेतून किती यार्ड जातो.

आधी बॅग मोजा

६ आयर्नपासून सर्वांत छोट्या फेअरवे वुडपर्यंत (जमिनीवरून मारायचे वुड) प्रत्येक क्लबने १० ते १२ चेंडू मारा. लाँच मॉनिटर (फटक्याची मोजमापे दाखवणारे यंत्र) असेल तर उत्तम. सरावाच्या रेंजवरचे झिजलेले चेंडू मोजमापासाठी वापरू नका, ते कमी जातात. खेळताना वापरता तोच चेंडू घ्या. मोजायची ती कॅरी, म्हणजे चेंडू जमिनीला पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचे अंतर. घरंगळणे त्यात धरायचे नाही, ते मैदानाच्या कडकपणावर अवलंबून असते.

सरळसरळ फसलेले फटके वगळा, उरलेले आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. सर्वांत लांब गेलेला चेंडू म्हणजे ‘आपले अंतर’ हा मोह प्रत्येकाला होतो, आणि तिथूनच पुढचा सगळा हिशेब चुकतो. शिवाय बारापैकी किती फटके कामाचे निघाले, तेही लिहून ठेवा. 

दरी नेमकी कुठे आहे?

एक नमुना घेऊ. ६ आयर्न १४७ यार्ड, ५ आयर्न १५८, ४ आयर्न १६२, आणि १८ अंशांचे ५ वुड १९०. वरवर पाहता दरी, म्हणजे दोन क्लबांच्या कॅरीतली मोठी तफावत, ४ आयर्न आणि ५ वुडमध्ये, २८ यार्डांची. पण ४ आयर्न हे ५ आयर्नपेक्षा जेमतेम ४ यार्ड पुढे जाते आहे. लॉफ्ट कमी आणि स्विंगचा वेग बेताचा असला की चेंडूला पुरेशी उंची आणि फिरकी मिळत नाही. तो हवेत टिकतच नाही. असे आयर्न बॅगेत नुसती जागा अडवते. ते काढले की खरी दरी दिसते: १५८ ते १९०, म्हणजे ३२ यार्ड. तिच्या मधोमध १७४ च्या आसपास जाणारे एक हायब्रिड हवे. दोन क्लबांमध्ये १० ते १५ यार्डांचे अंतर चांगले. १७-१८ पर्यंतही चालवून घेता येते.

नियमाने बॅगेत १४ क्लबच चालतात, त्यामुळे ‘काय घ्यायचे’ याच्या आधी ‘काय काढायचे’ हे ठरलेले बरे.

लॉफ्ट ठरवताना

तेवढ्याच लॉफ्टचे हायब्रिड आयर्नपेक्षा लांब जाते. त्याचा शाफ्ट (दांडा) साधारण अर्धा ते एक इंच लांब असतो, वजन खाली आणि फेसपासून मागे सरकवलेले असते, आणि फेसही बहुधा पातळ, जास्त उसळी देणारा असतो. म्हणून काढलेल्या आयर्नच्या लॉफ्टशी लॉफ्ट जुळवला की चेंडू अपेक्षेपेक्षा पुढे पडतो. वरच्या नमुन्यात २२ अंशांपासून चाचणी सुरू करावी. तिथे १९ अंशांचे हायब्रिड घेतले, तर ते ५ वुडच्या इतके जवळ जाईल की एक दरी तशीच राहून दुसरीकडे गर्दी होईल.

लांबीही विचारून घ्या. लॉफ्ट सारखाच, पण एक हायब्रिड ४० इंच आणि दुसरे ४१ इंच, असे असू शकते. लांब शाफ्टने अंतर वाढते, पण चेंडू फेसच्या मध्यावर लागण्याचे प्रमाण घटते. फेसवर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे हलकासा मारा आणि पाच चेंडू मारा. डाग मध्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडले तर लांबी ठीक. ते टोकाकडे विखुरले असतील तर पकड अर्धा इंच खाली घेऊन पुन्हा बघा.

कॅरी बरोबर आली म्हणजे काम झाले असेही नाही. चेंडू ४५ अंशांच्या आसपास कोनात उतरला तर ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या आखूड गवतावर) थांबतो. ४० च्या बराच खाली असेल तर ग्रीन ओलांडून मागे निघून जातो. लाँच मॉनिटरवर उतरण्याचा कोन दिसतो, तो जरूर बघा.

डोके आणि शाफ्ट

रुंद, वुडसारख्या डोक्याचे हायब्रिड चेंडू सहज उचलते आणि रफमधून (लांब गवतातून) गवतावर घसरत निघते. अरुंद, आयर्नसारखे डोके चेंडू खालून नेते. वाऱ्यात आणि जोरात मारणाऱ्याला ते बरे. शाफ्टचे वजन आयर्न आणि फेअरवे वुड यांच्या मध्ये असावे. आयर्नला ११० ग्रॅमचा स्टील शाफ्ट आणि वुडला ६५ ग्रॅमचा असेल, तर हायब्रिडला ८० ते ९० ग्रॅम. या जागी ५५ ग्रॅमचा शाफ्ट घातला की हात पुढे पळतात.

चेंडू डावीकडे का जातो?

उजव्या हाताने खेळणाऱ्यांची हायब्रिडबद्दलची ही सर्वांत मोठी तक्रार. कारणे बहुधा तीन: शाफ्ट फार हलका, लाय अँगल (जमिनीशी शाफ्टचा कोन) फार उभा, किंवा फेस मुळातच थोडा बंद (डावीकडे वळलेला). हायब्रिडची मान आयर्नसारखी वाकवून लाय दुरुस्त करणे सहसा जमत नाही. शाफ्ट अर्धा इंच कापला की क्लब जरा आडवा बसतो. मात्र स्विंगवेट (क्लब झोकताना डोके किती जड लागते त्याचे माप) साधारण ३ अंकांनी उतरते, ते भरून काढायला डोक्यावर ६ ग्रॅमच्या आसपास वजन लावावे लागते.

मानेत फिरवता येणारा अडॅप्टर (लॉफ्ट बदलायची जोडणी) असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: लॉफ्ट वाढवला की जमिनीवर टेकवलेला फेस बंद होतो, कमी केला की उघडतो. म्हणजे डावीकडे जाणाऱ्याने लॉफ्ट वाढवून घेतला तर दुखणे बळावते. स्क्रू टॉर्क रेंचनेच, ‘कट्’ आवाज येईपर्यंत आवळा. आणि खेळ सुरू झाल्यावर सेटिंग बदलू नका, नियमात ते बसत नाही.

काही जण हायब्रिडला वुड समजून चेंडू झाडून काढायला जातात आणि चेंडूच्या माथ्यावर फटका बसतो. चेंडू स्टान्सच्या (दोन पायांमधल्या अंतराच्या) मध्यापासून एक-दोन चेंडूंच्या रुंदीइतका पुढे ठेवा आणि आयर्नसारखा खाली मारा. टी (चेंडू ठेवायची खुंटी) वापरलीच तर ती जेमतेम पाव इंच वर राहू द्या.

हायब्रिड नको तेव्हा

डावीकडची ओढ कशानेच थांबत नसेल आणि चेंडू उंच हवा असेल तर २१ अंशांचे ७ वुड वापरून बघा. दरी हवी त्यापेक्षा ५-६ यार्डांनीच जास्त असेल तर नवा क्लब कशाला? फेअरवे वुडच्या अडॅप्टरवर लॉफ्ट एक अंश फिरवून बहुधा भागते.

चाचणीला येताना

तुमचे ५ आयर्न, सर्वांत छोटे फेअरवे वुड आणि नेहमीचे चेंडू घेऊन या. ही दोन आणि चाचणीचे हायब्रिड असे तिन्ही क्लब आलटून पालटून, पाच-पाच चेंडू, दोन फेऱ्या मारायच्या. एकाच क्लबने सलग मारत गेले की हात त्या क्लबला सरावतात आणि आकडे फुगतात. जमल्यास शेवटच्या फेरीसाठी गवतावर जाऊ. मॅटवर चेंडूच्या दोन इंच मागे बसलेला तळही पुढे सरकून फटका सावरतो. गवतात तोच फटका २० यार्ड आखूड पडतो.