लाकूड जाळायच्या जुन्या इन्सर्टला चिमणी लायनर: अमेरिकेत परमिटसाठी काय लागते?

अमेरिकेत जुने घर घेतले, की विटांच्या फायरप्लेसमध्ये बसवलेला लोखंडी इन्सर्ट (लाकूड जाळायची बंदिस्त शेगडी) पुष्कळदा घरासोबतच येतो. जुन्या काळचे बरेच इन्सर्ट नुसते आत सरकवलेले असतात आणि धूर वरच्या रुंद चिमणीत मोकळाच सोडलेला असतो. तिथे तो थंड पडतो आणि क्रिओसोटचा डांबरासारखा थर धरतो. या थराने पेट घेतला तर आग घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून इन्सर्टच्या धूर बाहेर पडणाऱ्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे आतून जाणारा नळ, घालावा. या कामाला बहुतेक ठिकाणी शहराच्या किंवा काउंटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटचे परमिट लागते.

लायनर मागवण्याआधी इन्सर्टवरची धातूची पट्टी शोधा. बहुधा ती मागच्या किंवा बाजूच्या अंगाला असते. अर्जाचे भवितव्य तिच्यावरच ठरते. पट्टीवर मॉडेल आणि सुरक्षा चाचणीची नोंद (सहसा यूएल या चाचणी संस्थेचे १४८२ हे मानक) असते, १९८८ नंतरचा इन्सर्ट असेल तर ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे) प्रमाणपत्रही. ईपीएचे धुराचे नियम १९८८ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या इन्सर्टवर ते सापडणार नाही. वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांत प्रमाणपत्र नसलेला इन्सर्ट नव्याने बसवता येत नाही. ऑरेगनमध्ये तर घर विकताना तो काढून टाकावा लागतो. पट्टीच नसेल तर लायनरवर खर्च करण्याआधी डिपार्टमेंटला विचारा. माझे मत विचाराल तर अशा इन्सर्टवर पैसे घालू नयेत, नवा घ्यावा.

अर्ज कोण करू शकतो? स्वतःच्या राहत्या घरासाठी अनेक ठिकाणी मालक स्वतः करू शकतो. भाड्याने दिलेल्या घराला बहुधा परवानाधारक कंत्राटदारच लागतो.

कागदपत्रांत सर्वात वजनदार म्हणजे चिमणीच्या लेव्हल २ तपासणीचा अहवाल. एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार लायनर बदलताना किंवा नवा घालताना ही तपासणी करायची असते. त्यात कॅमेरा आत सोडून फुटलेल्या टाइल्स, निखळलेले सांधे पाहतात, माळ्यातून दिसणारा भागही तपासतात. डिपार्टमेंटने अहवाल मागितला नाही तरी तो करून घ्याच. विटांच्या चिमणीपासून लाकूडकाम किती दूर आहे हे त्यातून कळते. घराच्या आत किंवा बाहेरच्या भिंतीत असलेल्या चिमणीला २ इंच आणि पूर्णपणे भिंतीबाहेर असलेल्या चिमणीला १ इंच अंतर हवे. जुन्या घरांत इतकी जागा क्वचितच सापडते. नसेल तर लायनरला इन्सुलेशनचे वेष्टन लागते आणि ते अर्जात लिहावे लागते.

सोबत इन्सर्टचे आणि लायनरचे मॅन्युअल जोडा. लायनर यूएल १७७७ प्रमाणित असावा. जुन्या इन्सर्टचे तोंड बऱ्याचदा ८ इंचांचे असते, आणि अरुंद चिमणीत ६ इंची लायनर सहज उतरतो म्हणून तोच घालायचा मोह होतो. मॅन्युअलमध्ये तशी स्पष्ट परवानगी नसेल तर अर्ज इथेच अडकतो, आणि तो अडकणे योग्यच आहे: धूर खोलीत उलटू शकतो. याखेरीज पार्सल नंबर (जागेचा सरकारी नोंदीतला क्रमांक), चिमणीच्या उंचीचे साधे रेखाटन आणि कंत्राटदार असल्यास त्याचा परवाना व विमा जोडायचा. फायरप्लेस विटांचा नसून कारखान्यात बनलेला असेल, तर त्यात हा इन्सर्ट चालतो असे दोन्हींच्या कागदांत लिहिलेले असले पाहिजे.

परमिट मिळाल्यावर साधारणपणे १८० दिवसांत काम सुरू करावे लागते. काम झाले की इन्स्पेक्टर येतो. पुढची झाकणपट्टी त्याच्या भेटीआधी बसवू नका, कारण इन्सर्ट आणि लायनरचा जोड त्याला दिसायला हवा. झोपण्याच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हेही तो बघतो. अंतिम मंजुरीची प्रत आणि तपासणीचा अहवाल एकत्र जपून ठेवा. विमा कंपनी आणि पुढचा खरेदीदार दोघेही तेच मागतात.